मऊ टायर

निवृत्त माणसाला घरात दोनच प्रश्न विचारतात: कॉफी आणू का, आणि जरा बाजूला सरकता का. राजगोपाल रावांच्या वाट्याला गेली तीन वर्षं हेच दोन प्रश्न येत होते, त्यातला दुसरा जरा जास्त. त्यामुळे सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी सकाळी त्यांची मुलगी हरिप्रिया खुर्चीपुढं येऊन घरच्या तमिळ वळणाच्या मराठीत म्हणाली, "अप्पा, सायकलीला नवे टायर घेऊंया म्हणून आहे. कुठले घ्यायचे ते तुम्ही येऊन सांगतांत कीं?" तेव्हा त्यांनी लगेच होकार दिला नाही. पेपरची नीट घडी केली, चष्मा पुसला, भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं, आणि दिवसभराची कामं मागं सारावी लागणार अशा सुरात म्हणाले, "सरि. अकराला जाऊं." आतून मात्र स्वारी भलतीच खूश झाली होती. टायर बघायला जायचं म्हणून त्यांनी इस्त्रीचा शर्ट काढला.

चेन्नैतल्या अंबत्तूरच्या एस्टेटमधल्या, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीतल्या, एका छोट्या कारखान्यात रावांनी एकतीस वर्षं रबर तपासलं होतं. पंपांचे वॉशर, मशिनांखालचे बुश, होजपाइप, न्हाणीघरातल्या मॅट, जे काही तिथं रबराचं बने ते त्यांच्या टेबलावरून गेल्याशिवाय फाटकाबाहेर पडत नसे. हातात एक गेज असे, आजोबांच्या खिशातल्या घड्याळाएवढं. त्याची सुई रबरात दाबायची, की तबकडीवरचा काटा शून्य ते शंभरमध्ये कुठंतरी थांबे. रबर जितकं टणक तितका आकडा मोठा. काटा थांबला की राव 'पास' म्हणत नाहीतर 'रिजेक्ट' म्हणत, आणि त्यापुढं मालकाचंही काही चालत नसे. निवृत्तीच्या दिवशी मालकानं तेच गेज डबीत घालून त्यांना भेट दिलं. घरी ते देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात असे. त्या शनिवारी ते बाहेर निघालं आणि इस्त्रीच्या शर्टाच्या खिशात जाऊन बसलं.

हरिप्रिया पंचविशीची. एस्टेटमध्येच एका आयटी कंपनीत कामाला, घरापासून चार किलोमीटरवर. तिच्या मैत्रिणींनी पहिल्या पगारातून स्कूटरचे हप्ते सुरू केले, हिनं डोंगरात चालवायची सायकल आणली. "चेन्नैत डोंगर कुठं आहे म्हणून?" असं तिच्या आईनं, अन्नपूर्णाबाईंनी, त्याच दिवशी विचारलं होतं, आणि दीड वर्ष झालं तरी त्यांचं विचारणं थांबलेलं नव्हतं. पण हरीनं डोंगर शोधून ठेवला होता. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी येलगिरीला मुलींची शर्यत होती. बावीस किलोमीटर, अर्धी वाट दगडांची, अर्धी लाल चिखलाची. तिच्यासाठी ही पोर दीड वर्ष पहाटे उठत होती. दर रविवारी गुम्मिडिपूंडीच्या पलीकडच्या चिखलात जाऊन पडत होती, गुडघे खरचटून घेऊन हसत घरी येत होती. डिसेंबर म्हणजे इकडचा पाऊसकाळ, आणि सायकलीचे मूळचे टायर झिजून गुळगुळीत झालेले. ओल्यात जमीन धरून ठेवतील असे टायर हवे होते, आणि खिशाला झेपतील असेही.

सुब्बाचं सायकलचं दुकान रेल्वे फाटकाजवळ होतं. सुब्बा पन्नाशीचा, कमी बोलणारा तमिळ माणूस. हरी त्याला अण्णा म्हणायची आणि तो रावांना 'सार' म्हणायचा. त्यानं आधी परदेशी टायर दाखवले, नुसते दाखवायचे म्हणून. एकाची किंमत ऐकून रावांनी तो स्वतःच्या हातानं परत खुंटीला अडकवला. मग राहिले दोन प्रकार, दोन्ही देशी, दोन्ही परवडण्यासारखे. एक जोडी खुंटीवर लटकत होती. दुसरी सुब्बानं काउंटरखालून काढली, सुतळीनं बांधलेली. दोन्हींच्या किमतीत शंभर रुपयांचा फरक होता. म्हणजे पैशाचं निमित्त पुढंही कधी सांगता येणार नव्हतं.

रावांनी खिशातून गेज काढलं. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती, ती वळून पाहू लागली. रावांच्या ते लक्षात आलं, आणि त्यांनी चष्मा जरा जास्तच सावकाश नाकावर सरकवला. काउंटरखालच्या टायरच्या एका जाड ठोकळ्यावर त्यांनी सुई दाबली. काटा पन्नासवर थांबला.

"हे रबर नव्हे सुब्बा, इडली आहे," राव तमिळमध्ये म्हणाले. गिऱ्हाइकं हसली. "वर्षभरात झिजून जाईल."

मग खुंटीवरचा. काटा अडुसष्टवर गेला. रावांनी टायरवर थाप मारली. "हा बघ. तीन वर्षं याला काही होत नाही. पास."

हरी जवळ सरकली आणि घरच्या मराठीत हळूच म्हणाली, "अप्पा, पाऊसांत मऊ असलेलं बेस धरतं म्हणून सांगून लागलेत अवघे."

"अवघे म्हणजे कोण? तुझा फोन कीं?" रावांना हळू बोलायचं कारण नव्हतं. "एकतीस वर्षं रबर बघितलेला मी. तुझा फोन किती वर्षं बघितला?"

हरीनं एक क्षण त्यांच्याकडं पाहिलं. सुब्बा मधेच म्हणाला, "पण हरी, तू तर..." तिनं त्याच्याकडं बघून नुसती मान हलवली. मग ती हसली. "सरि अप्पा. तुम्ही सांगतांत तेच. सुब्बा अण्णा, हेच बसवा."

राव मुलीच्या समंजसपणावर खूश झाले. घरी येताना त्यांनी तिला रोझमिल्क पाजलं आणि वाटेत रबराला गंधक कसं लावतात ते सगळं समजावून सांगितलं. तिनंही ते सगळं ऐकून घेतलं.

चार दिवसांनी आयुधपूजा आली. सरस्वतीपुढं अन्नपूर्णाबाईंची कात्री आणि विळी, हरीचा लॅपटॉप आणि रावांचं गेज ओळीनं मांडलं. सायकल धुऊन दारात आणली, तिला चंदनकुंकू लावलं, हँडलला शेवंतीची माळ घातली. रावांनी स्वतः पंप घेऊन दोन्ही चाकांत अंगठा रुतणार नाही इतकी टाइट हवा भरली. मग चाकांखाली लिंबं ठेवली आणि हरीनं सायकल पुढं ढकलली. टणक टायरखाली लिंबं पटकन फुटली. रावांनी अन्नपूर्णाबाईंकडं बघून भुवया उडवल्या, जणू लिंबू फोडण्यातच टायरची परीक्षा होती.

नोव्हेंबरच्या तेरा तारखेला, गुरुवारी, हरी पडली.

एस्टेटच्या वळणावर गटाराचं काम चाललं होतं. खणलेल्या खड्ड्यावर लोखंडी पत्रा टाकला होता. त्यावरून रोज शेकडो गाड्या जात, हरीही जाई. त्या दिवशी रात्रभर पाऊस पडून पत्रा ओला होता, आणि समोरून ऑटो आली म्हणून तिनं हँडल जरासं वळवलं. एवढंच केलं तिनं. सायकल खालून निसटली आणि ती डाव्या कोपरावर पडली. दुपारपर्यंत ऑपरेशन झालं, कोपरात धातूची पट्टी आणि सहा स्क्रू बसले. येलगिरी तीन आठवड्यांवर आलं होतं. ते गेलंच, हे कुणी बोलून दाखवायची गरज उरली नाही.

दुसऱ्या दिवशी राव सायकल आणायला गेले. जवळच्या एका कंपनीच्या वॉचमननं ती आपल्या खोलीत ठेवली होती. सायकलीला ओरखडासुद्धा नव्हता. ते ती हातानं ढकलत निघाले, आणि त्या पत्र्यापाशी आल्यावर का कोण जाणे, थांबले. पाऊस भुरभुरत होता. त्यांनी पुढचं चाक पत्र्यावर ठेवलं, हँडलवर आपला सगळा भार टाकला आणि बाजूला जरासं ढकललं. चाक ओल्या साबणासारखं सरकलं. त्यांनी पुन्हा करून पाहिलं. पुन्हा सरकलं. मागून एक टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, तरी त्यांनी तिसऱ्यांदाही करून पाहिलं.

आणि तिथं, भर रस्त्यात, त्यांना मॅट आठवल्या.

न्हाणीघरातल्या रबरी मॅट. कारखान्यातल्या बाकी सगळ्या मालाला एकच नियम होता: मऊ निघालं की रिजेक्ट. फक्त मॅटला उलटा. मॅट पन्नासच्या वर गेली की रिजेक्ट, कारण टणक रबर ओल्या फरशीला धरत नाही, मऊ धरतं. एकदा साठची मॅट चुकून बाहेर गेली होती आणि कुणाची तरी म्हातारी सासू न्हाणीत घसरली म्हणून तक्रार आली होती. त्यानंतर तो नियम कागदावर आला, आणि तो लिहिला होता खुद्द राजगोपाल रावांनी, सही करून. पंचवीस वर्षं ते दर महिन्याला त्या नियमानं मॅट पास करत आले होते. म्हणजे हरीनं दुकानात त्यांच्या कानाशी येऊन जे सांगितलं, ते त्यांना तिच्या जन्माआधीपासून माहीत होतं. पण त्या शनिवारी त्यांना आठवायचंच नव्हतं, मिरवायचं होतं. पोरीनं विचारलं या आनंदात तिनं काय विचारलं हेच त्यांनी ऐकलं नाही.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगायला संधी मिळाली नाही असं नव्हे. संधी तर रोज दारातून आत येत होती. हरीला भेटायला येणारा प्रत्येक जण पत्र्याला शिव्या द्यायचा, गटाराच्या कंत्राटदाराला द्यायचा, पावसाला द्यायचा. तिरुवल्लिकेणीहून रावांचा चुलतभाऊ मालोजी आला, त्यानं तर पत्र्याचे फोटो काढून तक्रार करायचंच ठरवलं. राव त्या शिव्यांत आपल्याही दोन घालायचे, आणि पाहुणे गेल्यावर न्हाणीघरात जाऊन नळ सोडून उभे राहायचे. पायाखाली त्यांच्याच कारखान्यातली मॅट असायची.

हरीनं त्यांना एका शब्दानं दोष दिला नाही. तिनं टायरचं नावही काढलं नाही. शर्यतीच्या रविवारी तिनं फोन बंद करून कपाटात ठेवला आणि दिवसभर आईबरोबर अवरक्काईच्या, म्हणजे घेवड्याच्या, शेंगा मोडत बसली, एका हातानं. संध्याकाळी म्हणाली, "पाऊस होता कीं नाही तिथं, कोण जाणे." राव समोरच बसले होते. 'हरी, टायर मी चुकीचे घेतले' एवढं वाक्य त्यांच्या जिभेवर आलं. मग अन्नपूर्णाबाईंनी शेंगा किती झाल्या ते विचारलं, आणि त्यांनी ते गिळून टाकलं. भित्रा माणूस. सबंध कारखान्याचा माल बेधडक परत पाठवणारा माणूस स्वतःच्या मुलीपुढं भित्रा निघाला.

प्लास्टर निघाल्यावर हाताच्या व्यायामासाठी रबरी पट्ट्या आणल्या. पिवळी सगळ्यात मऊ, मग लाल, मग हिरवी, निळी सगळ्यात टणक. हरीनं पाकीट फोडलं, पट्ट्या मांडीवर पसरल्या, आणि राव खुर्चीत सावरून बसले. पन्नास काय आणि अडुसष्ट काय, या घरात रबरातलं माणूस एकच होतं. पण हरीनं फोन काढला, त्यात काहीतरी वाचलं आणि पिवळी पट्टी उचलली. रागानं नव्हे, सहज. आता त्यांना विचारायचं नसतं, हे तिच्या अंगवळणी पडलं होतं.

जानेवारीत, पोंगलनंतर, डॉक्टरांनी हात सरळ करायला लावून पाहिला. कोपर शेवटचे वीस अंश सरळ होणार नाही, ते म्हणाले. लिहिणं, स्वयंपाक, कॉम्प्युटर, रोजचं सगळं जमेल. सायकलही चालवा, रस्त्यावर, हळू. डोंगर मात्र सोडा, ते धक्के हा हात घेणार नाही. हरीनं मान डोलावली. मग एक्स-रेचं पाकीट चांगल्या हातात घेऊन ती सगळ्यांच्या आधी बाहेर पडली.

त्या आठवड्यात राव एकटेच सुब्बाच्या दुकानी गेले. कशाला ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. सायकल गॅलरीत चादर पांघरून उभी होती. निदान तिला योग्य टायर असावेत, एवढंच त्यांच्या मनात होतं.

"सुब्बा, ते दुसरे टायर आहेत का? ते मऊ."

सुब्बानं त्यांच्याकडं पाहिलं आणि तो काउंटरखाली वाकला. तीच सुतळीनं बांधलेली जोडी त्यानं वर ठेवली. सुतळीत एक चिठ्ठी खोवलेली होती. तिच्यावर तमिळमध्ये लिहिलं होतं: हरिप्रिया. खाली तारीख होती, वीस सप्टेंबर. ते दोघं दुकानात आले होते तो शनिवार सत्तावीसचा.

"हे काय?" राव म्हणाले.

"तिचीच जोडी आहे, सार. तुम्ही यायच्या आठवडाभर आधी तिनं पसंत करून ठेवली होती. पैसेही देऊन गेली होती. तुम्ही दुसरी घेतल्यावर ते पैसे मी तिकडं वळते केले. ही मात्र विकली नाही. म्हटलं, शर्यतीआधी हळूच येईल बदलून घ्यायला." सुब्बानं फडक्यानं टायरवरची धूळ पुसली. "आली नाही. मी फोनसुद्धा केला होता. म्हणाली, नको अण्णा, अप्पांच्या लक्षात येईल."

रावांनी चिठ्ठीवरची तारीख पुन्हा वाचली. "पसंत करून ठेवली होती, तर मग मला कशाला आणलं तिनं?"

"मीही तेच विचारलं होतं, सार." सुब्बा जरा घुटमळला. "म्हणाली, अप्पांना यातलं काही सांगू नका. ते त्यांचं गेज घेऊन येतील, दोन्ही दाबून बघतील आणि हीच जोडी उचलतील, बघा तुम्ही. त्यांना रबर कळतं तसं कुणालाच कळत नाही. म्हणाली, घरी बसून बसून ते सुकून गेलेत, मला त्यांना एकदा ते काम करताना बघायचं आहे."

रावांच्या खिशात गेज होतं. का आणलं होतं, सवयीनं की आशेनं, देव जाणे. त्यांनी ते काढलं आणि सुई टायरवर दाबली. काटा पन्नासवर थांबला. काट्याची चूक तेव्हाही नव्हती. त्यांचे डोळे भरून आले, आकडा दिसेनासा झाला, आणि सुब्बा माणूस शहाणा म्हणून मागं वळून खुंटीवरच्या ट्यूबा नीट लावत बसला.

घरी आले तेव्हा हरी खिडकीच्या गजाला पिवळी पट्टी बांधून डावा हात ओढत होती. मोजत होती तमिळमध्ये, एट्टु, ओंबदु, पत्तु. दहा झाल्यावर तिनं वळून पाहिलं. अप्पांच्या हातातली जोडी तिला दिसली, सुतळी दिसली, चिठ्ठी दिसली. तिनं पट्टी सोडली.

"सुब्बा अण्णा सांगितले कीं?"

"सांगितला." वाटेत जुळवलेल्या चार वाक्यांतलं एकही रावांना आठवेना. "मी चुकलों, हरी. न्हाणींतली मॅट पन्नासच्या वर मी कधी जाऊं दिलों नाही. ओल्याला मऊ पाहिजे म्हणून मला ठाऊक होतं. पत्र्यापाशीं दुसऱ्याच दिवशीं आठवलं. दोन महिने तोंड उघडलों नाही. पत्र्याला शिव्या देत बसलों."

स्वयंपाकघरातला आवाज थांबला. अन्नपूर्णाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

हरी त्या टायरकडं पाहत होती. 'असूं दे अप्पा' असं ती म्हणेल, अशी रावांची एक वेडी आशा होती. ती तसं म्हणाली नाही. ती म्हणाली, "मला अगदी वाटलं होतं, तुम्ही हेच घेणार म्हणून." तिचा आवाज फुटला, आणि नोव्हेंबरपासून पहिल्यांदा ती त्यांच्यासमोर रडली. राव खालमानेनं उभे राहिले. पुसायला जवळ जावं एवढाही आपला हक्क राहिला आहे का, ते त्यांना कळेना.

मग तिनं उजव्या हातानं डोळे पुसले. "द्या इकडं," ती म्हणाली, आणि जोडी घ्यायला दोन्ही हात पुढं केले. उजवा हात सरळ आला. डावा कोपरातून जिथं थांबायचा तिथं थांबला, टायरपासून वीतभर अलीकडं.

राव एक पाऊल पुढं सरकले आणि त्यांनी टायर तिच्या त्या हातापर्यंत नेला.